हबलचा जायरो क्रमांक ३ आणि राखून ठेवण्याचा निर्णय

२४ मे २०२४ रोजी हबल अवकाश दुर्बीण सेफ मोडमध्ये, म्हणजे निरीक्षणं थांबवून सुरक्षित स्थितीत, गेली. आरशाला काही झालं नव्हतं, कॅमेरे ठणठणीत होते, सौर पट्ट्या वीज देत होत्या. बिघडला होता तो दुर्बीण किती वेगानं वळते आहे हे सांगणारा एक जायरोस्कोप. ४ जूनला नासानं निर्णय जाहीर केला: उरलेल्या दोन चांगल्या जायरोंपैकी एकच चालवायचा आणि दुसरा बंद करून राखीव ठेवायचा. १४ जूनला निरीक्षणं पुन्हा सुरू झाली.

या तीन आठवड्यांचा हा प्रकरण अभ्यास. नागपुरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या पदवीच्या मुलांबरोबर मी तो घेते, उन्हाळ्यात, तेही सकाळी सातला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दहानंतर मुलांना उन्हातून बोलावणं मला पटत नाही. हेच प्रकरण निवडण्यामागे माझा एक ठाम विचार आहे. दुर्बिणीनं काय शोधलं ते आपण मुलांना भरभरून सांगतो. ती चालू कशी राहते, रोज तिच्यासाठी कोण काय करतं, हे सांगायचं राहून जातं. परिणाम असा की देखभाल म्हणजे मागच्या खोलीतलं काम, आणि विज्ञान म्हणजे पुढच्या खोलीतलं, अशी समजूत पक्की होते. हबलच्या बाबतीत ही भिंत मुळातच नाही. कुठला भाग कधी वापरायचा आणि कुठला वाचवायचा यावरच पुढच्या दहा वर्षांत कोणते प्रश्न विचारता येतील हे ठरतं.

नागपूरच्या डोक्यावरून

हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली आहे. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर. म्हणजे हबल नागपूरच्या अगदी डोक्यावरून जाऊ शकते, आणि जाते. उलट, जिथून ती चालवली जाते ते गोदार्ड केंद्र अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात ३९ अंशांवर आहे. तिथल्या आकाशात ती कधीच माथ्यावर येत नाही. उंची (२०२४ मधली) सुमारे ५१५ किलोमीटर, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर आणि अक्षांशांतला फरक साडेदहा अंश एवढी माहिती फळ्यावर लिहून दिली की मुलं त्रिकोणमितीनं उत्तर काढतात: तिथून ती दक्षिण क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त अठरा अंशांच्या आसपास चढते. आपल्याकडची मुलं तिला डोक्यावर बघतात आणि तिची काळजी घेणारी माणसं क्षितिजाजवळ, हे कळलं की वर्गाचा रंग बदलतो.

सूर्यास्तानंतर किंवा पहाटे ती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना साध्या डोळ्यांनी दिसते. फुटाळा तलावावरूनही दिसते, पण शहराच्या उजेडात नेमकं बघायला हवं. उत्तरेला पेंचकडे गेलात तर प्रश्नच नाही. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीच्या आकाशाचा अंधार जपणारी जागा, ठरला.

एका फेरीचा हिशेब

प्रकरण समजून घ्यायचं तर आधी दुर्बिणीचा रोजचा दिनक्रम माहीत हवा. माझ्या अनुभवात मुलं इथेच सर्वांत जास्त प्रश्न विचारतात, म्हणून मीही इथे रेंगाळते.

हबल साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारते. एवढ्या खालच्या कक्षेतून पृथ्वी जवळजवळ अर्धं आकाश अडवते. त्यामुळे बहुतेक लक्ष्यं प्रत्येक फेरीत काही काळ पृथ्वीआड जातात आणि सलग निरीक्षणाला पन्नासेक मिनिटं मिळतात. एखादी मंद दीर्घिका बघायला दहा तास हवे असतील तर ते असे तुकड्यातुकड्यांनी जमवावे लागतात. फेरीतली पस्तीस-छत्तीस मिनिटांपर्यंतची वेळ पृथ्वीच्या सावलीत जाते. तेव्हा सगळी यंत्रणा बॅटरीवर चालते. दुर्बिणीच्या मूळच्या सहा निकेल-हायड्रोजन बॅटऱ्या १९९० ते २००९ अशी एकोणीस वर्षं चालल्या. दिवसाला पंधरा वेळा चार्ज आणि पंधरा वेळा डिस्चार्ज होणाऱ्या बॅटरीला हे आयुष्य सहज मिळत नाही. कोणीतरी ते रोज सांभाळलेलं असतं.

मग दक्षिण अटलांटिकचा भाग. ब्राझीलच्या आसपास आणि त्यापुढच्या समुद्रावर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दुबळं आहे, त्यामुळे भारित कणांचा पट्टा तिथे खाली उतरतो. हबल दिवसातल्या अनेक फेऱ्यांत या भागातून जाते आणि त्या काळात निरीक्षण करता येत नाही. भारताच्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेची कक्षा फक्त ६ अंश कललेली ठेवली गेली त्यामागे हेच कारण होतं: विषुववृत्ताजवळ राहिलं की या कणांच्या भागाचा थोडासाच त्रास होतो. याच कारणानं ॲस्ट्रोसॅट नागपूरच्या डोक्यावर कधी येत नाही.

९५ मिनिटांच्या हिशेबानं आठवड्यात सुमारे १०६ फेऱ्या होतात. एरवी दुर्बीण तीन जायरोंवर चालायची; तिन्ही चालू असताना या फेऱ्यांतल्या साधारण ८५ विज्ञानाच्या कामी यायच्या. या फेऱ्या मिळवण्यासाठी जगभरातून दरवर्षी हजाराहून अधिक प्रस्ताव येतात. मागणी उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट असते. बॉल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये निवडलेली निरीक्षणं आधी वर्षभराच्या आराखड्यात बसवतात, मग एकेका आठवड्याचं वेळापत्रक तयार होतं. त्यात लक्ष्य सूर्यापासून पुरेसं दूर आहे का, शेजारी मार्गदर्शक तारे मिळतात का, वळायला किती मिनिटं लागतील, रेकॉर्डरमधला डेटा रिले उपग्रहांमार्फत कधी खाली पाठवायचा, हे सगळं मिनिटामिनिटानं बसवलेलं असतं. आज्ञा आधीच वर पाठवून ठेवतात आणि दुर्बीण त्या ओळीनं पाळत जाते. २०११ पासून नियंत्रण कक्षाचं बरंचसं रोजचं काम स्वयंचलित झालं आहे. रात्री कुणी पडद्यासमोर बसलेलं नसलं तरी गडबड झाली की निरोप बरोबर माणसाला जातो.

उपकरणांची निगा हा वेगळाच मोठा विषय. वाइड फील्ड कॅमेरा ३ चा सीसीडी (प्रकाश टिपणारा संवेदक) उणे ८३ अंश सेल्सिअसला चालतो. अवकाशातले कण त्यावर आदळत राहतात आणि काही पिक्सेल कायम उजळ दिसायला लागतात. म्हणून दर महिन्याला तो कॅमेरा मुद्दाम गरम होऊ देतात. बहुतेक खराब पिक्सेल त्यानं सुधारतात, मग तो पुन्हा थंड करतात. दुय्यम आरसा अधूनमधून काही मायक्रॉन सरकवावा लागतो, कारण दुर्बिणीचा सांगाडा वर्षानुवर्षं ओलावा सोडून बारीक आकसत आला आहे. आणि मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे कॉस्मिक ओरिजिन्स स्पेक्ट्रोग्राफ या, प्रकाश त्याच्या रंगांत फोडणाऱ्या उपकरणाचं. त्याच्या अतिनील संवेदकावर प्रकाश जिथे पडतो ती जागा वापरानं थकते, संवेदना कमी होते. मग प्रकाशपट थोडा वर किंवा खाली सरकवून न वापरलेल्या पट्टीवर पाडतात. २०१२ पासून हे अनेकदा झालं आहे. संवेदक एकच, पण तो पुरवून पुरवून वापरलेला. जायरोच्या निर्णयाची सगळी रीत या छोट्या कामात आधीच दिसते.

जायरो नेमका काय करतो

हबलला इंधनाचे थ्रस्टर नाहीत. त्यांच्या वायूनं आरसा मळेल म्हणून ते ठेवलेच नाहीत. वळायचं काम चार जड चाकं करतात: चाक एका दिशेनं वेग घेतं, दुर्बीण उलट दिशेनं हळूच फिरते, मिनिटाला सुमारे ६ अंश. चाकांत साठलेली गती चुंबकीय दांड्यांच्या मदतीनं पृथ्वीच्या क्षेत्रात सोडून देतात. लक्ष्यावर आल्यावर सूक्ष्म मार्गदर्शक संवेदक दोन ताऱ्यांना धरून ठेवतात आणि दुर्बीण ०.००७ आर्कसेकंद इतकी स्थिर राहते. एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद होतो. त्याचेही हजार भाग केले तर त्यांतले हे फक्त सात.

चाकं वळवतात, संवेदक धरून ठेवतात. मधल्या वेळेत, म्हणजे वळताना आणि मार्गदर्शक तारे पृथ्वीआड गेलेले असताना, आपण किती वेगानं आणि कुठल्या अक्षाभोवती फिरतो आहोत हे सांगणारं कोणी हवं. तो जायरो. आत एक चाक मिनिटाला १९,२०० फेरे घेतं. ते बंद नळकांड्यात असतं आणि ते नळकांडं इंजिन ऑइलसारख्या घट्ट द्रवात तरंगतं. मोटरला वीज पोचवणाऱ्या तारा केसाइतक्या बारीक आणि त्याच द्रवात बुडालेल्या.

या तारांनीच हबलला वारंवार छळलं. १३ नोव्हेंबर १९९९ ला सहापैकी चौथा जायरो गेला, तेव्हा लागणारे तीनही उरले नाहीत आणि दुर्बीण ठप्प झाली. त्याच डिसेंबरात डिस्कव्हरी यानातून अंतराळवीर गेले आणि सहाही जायरो बदलून आले. तपासात कळलं की द्रव आत भरताना दाबाची साधी हवा वापरली होती, तिच्यातल्या ऑक्सिजननं तारा गंजत होत्या. पुढे हवेऐवजी नायट्रोजन वापरला गेला. मे २००९ च्या शेवटच्या दुरुस्ती मोहिमेत पुन्हा सहा जायरो बसवले. त्यांपैकी तीन जुन्या पद्धतीचे होते, तीन सुधारित, तारांवर संरक्षक लेप दिलेले. जुने तिघं एकामागून एक गेले, शेवटचा ५ ऑक्टोबर २०१८ ला. सुधारित तिघांचे क्रमांक ३, ४ आणि ६.

आता आपल्या प्रकरणाचं मुख्य पात्र. जायरो ३ तोपर्यंत साडेसात वर्षांहून अधिक काळ बंद ठेवलेला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याला चालू केलं तर तो दुर्बिणीच्या खऱ्या वेगाच्या कितीतरी पट जास्त वेग दाखवू लागला. अभियंत्यांनी तो एका सेकंदासाठी बंद करून लगेच चालू केला. फरक पडला नाही. मग दुर्बीण उलटसुलट दिशांना वळवली, वळताना जायरोची मापनश्रेणी पुन्हा पुन्हा बदलली. नळकांडं द्रवात मध्यापासून सरकून अडकलं असावं आणि ते या हालचालींनी सुटावं, असा विचार होता. आकडे खाली आले. ऑक्टोबरच्या अखेरीस हबल कामावर रुजू झाली. पाचशे किलोमीटर वरच्या, हात न लावता येणाऱ्या यंत्राचं हे निदान आणि हा उपचार मला फार मोलाचा वाटतो.

पाच वर्षं बरी गेली. १९ नोव्हेंबर २०२३ ला दुर्बीण सेफ मोडमध्ये गेली, सावरली, २१ ला पुन्हा गेली, २३ ला पुन्हा. ८ डिसेंबरला निरीक्षणं सुरू झाली. २३ एप्रिल २०२४ ला परत तेच. दर वेळी कारण जायरो ३. त्याचा आकडा आता कमाल मर्यादेला जाऊन चिकटत होता. दुर्बीण हळू फिरो की अजिबात न फिरो, तो सांगायचा की सर्वाधिक वेगानं फिरते आहे. इलेक्ट्रॉनिक्स रीसेट केलं की काही दिवस ठीक, मग पुन्हा बिघाड.

सेफ मोडबद्दल एक खुलासा इथेच करते, कारण बातम्यांत त्याचा अर्थ 'बंद पडली' असा लागतो. सेफ मोड ही दुर्बिणीची शहाणी कृती आहे. आपल्या संवेदकांपैकी कोणीतरी खोटं सांगतो आहे असं लक्षात येताच ती विज्ञान थांबवते, सौर पट्ट्या सूर्याकडे धरते आणि जमिनीवरून आज्ञा येण्याची वाट बघते. खोट्या माहितीवर वळत राहिली असती तर तोंड सूर्याकडे जाण्याचा धोका होता.

२४ मे नंतर समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग: जायरो ३ ला पुन्हा रीसेट करून तीन जायरोंवर चालत राहायचं. पूर्ण क्षमता मिळते, पण दर काही आठवड्यांनी सेफ मोड, आणि दर वेळी कित्येक दिवसांची निरीक्षणं पाण्यात. नोव्हेंबर, एप्रिल, मे असे तीन दाखले समोर असताना हा मार्ग फार काळ चालणार नव्हता.

दुसरा: जायरो ३ सोडून ४ आणि ६ दोन्ही लावायचे. हबल २००५ ते २००९ दोन जायरोंवर चाललेली आहे, म्हणजे ही अनोळखी वाट नव्हती.

तिसरा: एकच लावायचा, दुसरा बंद. या पद्धतीची आखणी वीस वर्षांपूर्वीच झाली होती आणि २००८ मध्ये ती थोड्या काळासाठी वापरूनही बघितली होती. ज्या अक्षांची माहिती जायरो देत नाही ती इतरांकडून घ्यायची: चुंबकमापी आणि सूर्य-संवेदक ढोबळ दिशा सांगतात, तारे टिपणारी यंत्रं ती बारीक करतात, शेवटी सूक्ष्म मार्गदर्शक संवेदक पकड घेतात.

चौथ्या मार्गाबद्दल लोक हमखास विचारतात: माणसं पाठवून दुरुस्त का करत नाहीत? स्पेस शटल २०११ मध्ये निवृत्त झालं आणि हबलची दुरुस्ती त्याच्या यांत्रिक हातावर, त्याच्या मालवाहू भागात उभं राहून व्हायची. २०२२ मध्ये नासानं स्पेसएक्सबरोबर खासगी मोहिमेचा अभ्यास करायचा करार केला होता. जून २०२४ मध्ये नासानं सांगितलं की सध्या तो मार्ग घेत नाही. चालू असलेलं विज्ञान वेळेआधी गमावण्याचा धोका हे त्यामागचं एक कारण होतं. मला हा निर्णय योग्य वाटतो. चालत्या दुर्बिणीला हात लावायला जाण्याआधी ती चालती आहे ही गोष्ट तराजूत टाकायला हवी.

म्हणजे खरा वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात आहे.

वर्गातला वाद

मी मुलांना निर्णय आधी सांगत नाही. परिस्थिती देते आणि विचारते, तुम्ही काय कराल?

बहुतेकांचं पहिलं उत्तर ठरलेलं. "मॅडम, दोन चांगले आहेत तं दोन्ही लावून टाका ना. बंद करून ठेवून त्याचं काय करून राहिले?"

त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आमच्या घरी कूलरची एक मोटर कपाटात असते. दोन आहेत म्हणून बाबा दोन्ही एकदम नाही लावत. मे महिन्यात चालू मोटर जळली की दुसरी काढतात." नागपुरात हे उदाहरण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण ते कुठे थांबतं हेही मी लगेच सांगितलं: कूलरची मोटर इतवारी बाजारातून नवी आणता येते, हबलचा सातवा जायरो कुठेच नाही.

मग फळ्यावर गणित. एका जायरोचं सरासरी आयुष्य क वर्षं धरा आणि बिघाड कधीही होण्याची शक्यता सारखीच माना. दोन्ही एकदम चालवले तर पहिला बिघाड सरासरी अर्ध्या क वर्षांत येतो, कारण दोघांपैकी कोणीही जाऊ शकतो. उरलेला एकटा त्यानंतर आणखी सरासरी क वर्षं देतो. एकूण दीड क. एकामागून एक चालवले तर क अधिक क, म्हणजे दोन क. बिघाड झिजेमुळे होत असेल तर फरक आणखी वाढतो: एकदम चालवलेले दोघं क च्या आसपास जवळजवळ बरोबरच संपतील, तर पाळीपाळीनं चालवले तर दुप्पट काळ मिळेल.

आता दुसरी बाजू. दोन चालवून जास्तीचं काय मिळतं? इथे नासाच्या अभियंत्यांचं उत्तर निर्णायक होतं: दोन जायरो आणि एक जायरो यांत विज्ञानाच्या दृष्टीनं फारसा फरक पडत नाही. तीनवरून दोनवर आलं की चुंबकमापी, सूर्य-संवेदक आणि तारे टिपणारी यंत्रं मदतीला घ्यावीच लागतात, वळायला आणि पकड घ्यायला जास्त वेळ लागतोच. एकदा तो खर्च केला की दोनवरून एकवर येण्यासाठी वेगळं फार मोजावं लागत नाही. तोटा जवळजवळ तेवढाच, आयुष्य मात्र जास्त.

इथवर आलं की वर्ग निर्णयावर खूश होतो. मी त्यांना तिथे थांबू देत नाही. जायरो ३ ची गोष्ट पुन्हा वाचायला लावते, आणि कोणीतरी बोलतंच: "पण मॅडम, ठेवलेला जायरो चालूच नाही झाला तं? तीन नंबर तसाच अडला होता ना?"

हा या प्रकरणातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. आपल्या गणितात बंद जायरो वय वाढू न देता पडून राहतो असं गृहीत धरलं होतं. साडेसात वर्षं बंद राहिलेल्या जायरो ३ नं ते गृहीतक डळमळीत केलं. राखीव वस्तूलाही जोखीम असते. मुलांना मी सांगते, चालू करताना तो अपयशी ठरण्याची शक्यता प धरा आणि गणित पुन्हा करा. एकामागून एक चालवण्याचं सरासरी आयुष्य मग क अधिक (१ उणे प) गुणिले क. ते दीड क पेक्षा जास्त राहण्यासाठी प निम्म्याहून कमी हवा. म्हणजे राखीव जायरो निम्म्या वेळा रुसला तरच हा निर्णय बरोबरीत येतो. जायरो ३ सुद्धा शेवटी चालला आणि पाच वर्षं चालला. जून २०२१ मध्ये उपकरणांचा कॉम्प्युटर थांबला तेव्हाही महिनाभराच्या शोधानंतर राखीव यंत्रणेवर जाऊनच दुर्बीण परत उभी राहिली होती. या दोन्ही गोष्टी समोर ठेवून मला नासाचा निर्णय बरोबर वाटतो. नासाच्या प्रकल्प चमूनं तेव्हा सांगितलेला अंदाज असा की २०३५ पर्यंत किमान एक जायरो चालता राहण्याची शक्यता ७० टक्क्यांहून अधिक आहे.

काय मोजावं लागलं

आठवड्याच्या साधारण ८५ फेऱ्यांच्या जागी ७४. सुमारे १२ टक्के घट. हा आकडा लहान वाटतो, पण ज्याचा प्रस्ताव सूचीच्या तळाला होता त्याच्यासाठी तो पूर्ण शंभर टक्के असतो. आकाशाचा जो भाग एखाद्या वेळी बघता येतो तोही कमी झाला. वर्षभरात सगळं आकाश मिळतं, पण हव्या त्या आठवड्यात हवी ती जागा मिळेलच असं नाही. अचानक फुटलेल्या एखाद्या सुपरनोव्हाकडे वळायचं असेल तर हे जाणवतं.

आणि मंगळापेक्षा जवळ असलेल्या, झपाट्यानं सरकणाऱ्या वस्तूंचा माग आता हबल घेऊ शकत नाही. अशी निरीक्षणं विरळाच होती, हे खरं. पण २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहावर आदळलं तेव्हा उडालेल्या धुळीचे जे फोटो हबलनं घेतले, ते आजच्या पद्धतीत घेता आले नसते. मुलांनी ही किंमत नीट बघावी असा माझा आग्रह असतो.

मिळालं काय तेही बघू. एका जायरोवर आल्यानंतर प्रसिद्ध झालेला पहिला फोटो एनजीसी १५४६ या दीर्घिकेचा होता आणि त्याच्या तीक्ष्णपणात काही कमी नव्हतं. कारण सरळ आहे: पकड एकदा घेतली की धरून ठेवायचं काम जायरोचं नसतंच. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला धूमकेतू ३आय/ॲटलस मंगळाच्या पलीकडे होता, तेव्हा हबलनं त्याचा माग काढत फोटो घेतले, तेही एका जायरोवर.

आपल्याकडे

सप्टेंबर २०१५ मध्ये गेलेल्या ॲस्ट्रोसॅटवर दुरुस्तीला कोणी कधीच जाणार नव्हतं. २०१८ मध्ये त्याच्या अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी, निकट-अतिनील प्रकाशाची, बंद पडली. दूर-अतिनील वाहिनी चालू राहिली आणि संशोधकांनी पुढचे प्रस्ताव तिच्याभोवती आखले. जायरोची गोष्ट परदेशातली म्हणून सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे उदाहरण देते. १ जानेवारी २०२४ ला गेलेल्या एक्सपोसॅट या क्ष-किरणांचा अभ्यास करणाऱ्या भारतीय उपग्रहालाही हेच लागू आहे. उद्या यांपैकी एखाद्या मोहिमेच्या नियंत्रण कक्षात नागपूरचा मुलगा किंवा मुलगी बसेल तेव्हा त्यांना शोधनिबंधाइतकंच बॅटरीचा आलेख वाचणंही यायला हवं.

पुढचं काम

हबलचा डेटा ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुला होतो आणि इंटरनेटवरून उतरवता येतो. प्रत्येक फाइलच्या शीर्षात निरीक्षणाची तारीख, कॅमेरा, फिल्टर अशा ओळी असतात. त्यांतच 'जायरोमोड' नावाची एक ओळ असते: हे निरीक्षण किती जायरोंवर आखलं होतं. जुन्या फायलींत तिथे तीनसाठीचं अक्षर दिसतं. मार्गदर्शक तारा पकडताना काही चुकलं असेल तर त्याच्या नोंदीही डेटाबरोबर येतात.

यंदाच्या तुकडीला मी काम दिलं आहे ते यावरच. एकाच कॅमेऱ्याची एप्रिल २०२४ पूर्वीची आणि जून २०२४ नंतरची निरीक्षणं घ्यायची, दोन्हींत ताऱ्यांच्या प्रतिमांची रुंदी मोजायची आणि तारा पकडण्यात किती वेळा अडचण आली ते शोधायचं. प्रतिमा बिघडली नाही असं मी वर लिहिलं आहे. त्यांनी ते माझ्या शब्दावर मान्य करू नये, स्वतः मोजून बघावं. ज्यांच्या हाताला प्रोग्रॅमिंग लागलेलं नाही त्यांनी प आणि क चं गणित पुढे न्यायचं: राखीव जायरो दरवर्षी एकदा चालू करून तपासला तर अडकण्याची शक्यता कमी होईल, पण त्या तपासणीत थोडी झीजही होईल. मग किती वर्षांनी तपासावं?